पुठ्ठ्याची खुर्ची आणि दोन थेंब गोंद

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी पोहे खाता खाता आमची इरावती म्हणाली, "बाबा, मला खुर्ची करायचीय."

"घरात सहा आहेत," मी म्हटलं. "सातवी ठेवायची कुठे?"

"ठेवायची नाहीये. सबमिट करायचीय. पुठ्ठ्याची."

इरावती लोणावळ्याच्या एका कॉलेजात इंटिरियर डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. तळेगावातून रोज सकाळी जाते, संध्याकाळी येते, आणि मधल्या वेळात काय शिकते ते मला अजून नीट समजलेलं नाही. आदल्या महिन्यात तिनं एकच संत्रं छत्तीस वेळा काढलं होतं. त्यामुळे खुर्ची म्हटल्यावर मला खरं तर बरं वाटलं. खुर्ची ही निदान वस्तू आहे.

अटी तिनं मोबाईलवरून वाचून दाखवल्या. खुर्ची फक्त पुठ्ठ्याची हवी. खिळा, दोरा, चिकटपट्टी, गोंद, काही चालणार नाही. घड्या आणि खाचा एवढ्यावरच ती उभी राहिली पाहिजे. घडी करून काखेत मारून आणता आली पाहिजे. परीक्षकांसमोर पाच मिनिटांत उघडायची, आणि मग तिच्यावर ऐंशी किलोचा माणूस दहा मिनिटं बसणार.

"आणि खुर्ची पडली तर?"

"तर मी पण."

दिवाळीआधी तिला कावीळ झाली होती, त्यात एक सबमिशन बुडालं होतं. हेही गेलं की विषय राहणार आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेश अडणार. हे तिनं अगदी सहज सांगितलं, पण घाबरली की ती पोह्यांतले दाणे बाजूला काढते, आणि त्या दिवशी बशीच्या कडेनं दाण्यांची रांग लागली होती.

"घाबरतेस काय," मी म्हटलं, "मी आहे ना!"

माझी बायको अरुंधती शाळेत भूगोल शिकवते. ज्वालामुखी, भूकंप वगैरे रोजचेच असल्यामुळे ती सहसा दचकत नाही. पण माझं हे वाक्य ऐकून तिनं पोह्यांचा घास हातातच ठेवला.

माझा आत्मविश्वास अगदीच निराधार नव्हता. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट बघायची आणि 'नाही' म्हणायचं. चोवीस वर्षं मी हेच करतोय. स्वतः एकही वस्तू केलेली नाही, पण त्यामुळे मत बनायला काही अडत नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तळमजल्यावरच्या अनंतकाकांकडे नवा फ्रिज आला होता, त्याचं खोकं मागून आणलं. इरावतीनं घरी येऊन तयार खुर्चीच बघावी, असा माझा बेत होता. अनंतकाका रेल्वेतून मालगाडीचे डबे तपासण्याच्या कामावरून निवृत्त झालेत. जगातल्या कुठल्याही वस्तूची ते वॅगनशी तुलना करतात आणि वॅगन नेहमी जिंकते. पार्किंगमध्ये मी कापत होतो आणि ते बाजूला उभं राहून सल्ले देत होते. पाय जाड हवेत. पाय आखूड हवेत. मुळात पायच कशाला हवेत, वॅगनला कुठे असतात?

साडेचारला खुर्ची तयार झाली. तोवर वॉचमन, इस्त्रीवाले आणि क्लासला निघालेली दोन-तीन मुलं जमली होती. मी शर्ट नीट केला आणि बसलो.

खुर्ची मोडली असं म्हणता येणार नाही. तीही बसली. म्हैस बसते ना, आधी पुढचे गुडघे, मग मागचा भाग, घाई नाही, आवाज नाही, तशी ती माझ्याखाली बसली. मी शेवटपर्यंत पाठ ताठ ठेवली होती. फक्त माझी उंची कमी कमी होत गेली. नेमकी तेव्हाच अरुंधती शाळेतून आली, स्कूटी लावली, माझ्याकडे पाहिलं, आणि "चहा टाकते" एवढंच म्हणून वर गेली.

"वॅगन असती तर बसली नसती," अनंतकाका म्हणाले.

इरावती संध्याकाळी आली. ती त्या चेपलेल्या खुर्चीशेजारी मांडी घालून बसली आणि जिथे जिथे पुठ्ठा दुमडला होता तिथे पेन्सिलनं खुणा केल्या. माझ्या कमरेला काही लागलं का, हे तिनं दहा मिनिटांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." लागलं होतं.

कारखान्यातल्या एकानं सुदुंबऱ्याच्या राजमहंमद मुलाणींचं नाव सांगितलं. ते खोकी बनवतात. गुरुवारी इरावतीला सुट्टी होती, मी उरलेल्या अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही गेलो. शेताच्या कडेला पत्र्याची शेड, आत पुठ्ठ्याच्या थप्प्या, आणि दारात त्यांच्या आई जैतुनबी मेथी निवडत बसलेल्या. राजमहंमदभाई पन्नाशीचे, अंगानं किरकोळ, कानावर पेन्सिल.

"खुर्ची?" ते म्हणाले. "बसायची का नुसती बघायची?"

"बसायची, चाचा," इरावती म्हणाली. "ऐंशी किलो."

"मग हितं या, ताई."

त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलला आणि त्याची कड तिच्या डोळ्यांसमोर धरली. आत बारीक बारीक नळ्यांची रांग दिसत होती. "ह्या नळ्या उभ्या ठिवल्या तर खांबावाणी वजन घेत्यात. आडव्या ठिवल्या की लोळत्यात. लोकं पुठ्ठ्याला नावं ठिवत्यात, पन चूक पुठ्ठ्याची न्हाई, ठिवनाऱ्याची असतीय."

मी शेडचे पत्रे बघू लागलो.

"आन् घडी येकदम मारायची न्हाई," ते पुढे म्हणाले. "आदी रेघ दाबायची, मंग मोडायचं." त्यांनी लाकडी मुठीचं एक बोथट चाक काढलं, पुठ्ठ्यावरून फिरवलं, आणि जाड पुठ्ठा वहीचं पान मिटावं तसा मिटला. इरावतीनं त्यांना ते तीनदा करायला लावलं आणि मग स्वतः चारदा केलं. घरी मी काही समजावायला लागलो की ही पोरगी "हो बाबा" म्हणून मोबाईल बघते. इथे तिनं कागद काढून लिहून घेतलं.

मला गप्प बसवेना. मी विचारलं, "जाडीत फरक किती मिलिमीटरपर्यंत चालतो?"

"ते काय मोजलं न्हाई, साहेब," राजमहंमदभाई म्हणाले. "खोकं फुटत न्हाई येवढं म्हाईत हाय."

जैतुनबींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "येवढं कालिजात जाऊन खुर्चीच करायची व्हय गं? आमी जलमभर पुठ्ठ्यावर बसतो. कदी पडलो न्हाई."

त्यांनी सहा फूट बाय चारची दोन पाचपदरी शीटं दिली. निघताना राजमहंमदभाईंनी स्वतःचा नंबर इरावतीच्या मोबाईलमध्ये घालायला लावला. "अडलं तर फोन करा. सोमवारी तेवढा मी लोनावळ्यात असतो, चिक्कीवाल्यांची खोकी पोचवायला."

शीटं गाडीच्या टपावर बांधली. बांधायचं काम मी कुणाला करू दिलं नाही.

"बाबा, दोरी फार आवळू नका, पुठ्ठा चेपेल."

"चेपलेला चालेल. उडालेला चालेल का?"

इंदुरीच्या पुलावर वारं होतं. इंद्रायणीवरून ते असं आलं की टपावरची शीटं पंखांसारखी फडफडू लागली. मागच्या बसनं हॉर्न धरला, दुचाकीवाले आमच्याकडे बोट दाखवत पुढे गेले. रहदारीत गाडी जरा अडली तेव्हा एका आजोबांनी खिडकीत डोकं घालून "वरचं झाकान उडतंय" अशी माहिती दिली. मी पुलापलीकडे गाडी थांबवली आणि दोरी आणखी आवळली. घरी येऊन सोडून पाहिलं तर खालचं शीट शाबूत होतं, पण वरच्या शीटवर दोरीनं दोन खोल चर पाडले होते. इरावतीनं त्या चरांवरून बोट फिरवलं. काही बोलली नाही. हल्लीच्या मुलांची ही एक वाईट सवय आहे. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

आता लिफ्ट. शीट लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्यानं न्यायला निघालो तर पहिल्याच वळणावर सोसायटीच्या सेक्रेटरी चैतालीताई उभ्या. बाई स्वभावानं चांगल्या आहेत, पण नियमावली त्यांनी स्वतः टाइप केलेली असल्यामुळे तिच्यावर त्यांचा जीव आहे.

"मेढेकर, हे फर्निचर आहे का? फर्निचर हलवायला अर्ज लागतो."

"पुठ्ठा आहे हो."

"अनंतकाकांनी ग्रुपवर टाकलंय, तुम्ही खुर्ची करताय म्हणून."

"होणार आहे. अजून झाली नाही."

"म्हणजे वर जाताना पुठ्ठा आणि खाली येताना फर्निचर." त्यांनी विचार केला. "मग वर जायला अर्ज नको. खाली आणताना करा. त्यात प्रकार लिहायचा असतो, लाकडी, लोखंडी की काचेचं."

"पुठ्ठ्याचं आहे ना!"

"तो पर्याय नाहीये. तो घालायचा तर कमिटीपुढे ठेवावं लागेल. कमिटीची मीटिंग पुढच्या शुक्रवारी."

"सबमिशन सोमवारी आहे!"

माझा आवाज चढला होता. चैतालीताईंचा चढायच्या बेतात होता. तेवढ्यात शीटच्या मागून इरावतीचा आवाज आला, "काकू, खुर्ची घडी करून काखेतून खाली येणारे."

चैतालीताईंचा चेहरा एकदम सैल झाला. "काखेतून येतं ते सामान. सामानाला अर्ज नाही."

त्याआधीचे चार दिवस आणि नंतरचे दोन आमच्या घरात जेवायचं टेबल नव्हतं. तिथे वीतभर उंचीच्या कागदी खुर्च्या उभ्या होत्या. मी मोजल्या तेव्हा एकतीस होत्या. आम्ही ताटं हातात धरून जेवत होतो आणि इरावती त्या एकतीस खुर्च्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवून कुठली कशी पडते ते बघत होती. शुक्रवारी तिनं खरी खुर्ची कापायला घेतली आणि शनिवारी संध्याकाळी ती उभी राहिली. बुटकी, रुंद, पाठ जराशी मागे कललेली. तीन भाग: पाया, बैठक आणि बैठकीखालचा मधला आधार. इरावती बसली. मग अरुंधती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसली आणि आठ पेपर तपासून उठली. "अरे हो, पुठ्ठ्याची आहे नाही का," असं ती उठल्यावर म्हणाली. मी बसलो नाही. माझं वजन एकोणऐंशी आहे, पण कारण ते नव्हतं.

मी माझ्या पद्धतीनं खुर्ची तपासली. मधल्या आधाराची एक पट्टी खाचेत जाते, तिथे मला खेळ सापडला. पट्टी खाचेत हलत होती.

"इरावती, इथे ढिलं आहे."

"माहितीय, बाबा. मुद्दाम ठेवलंय."

"ढिलं कुणी मुद्दाम ठेवतं का?"

"हो बाबा," ती म्हणाली आणि मोबाईल बघायला लागली.

रविवारी दुपारी मायलेकी बाजारात गेल्या. खुर्ची घडी करून भिंतीला टेकवून ठेवली होती. अनंतकाका पेपर परत द्यायला आले, त्यांनीही पट्टी हलवून पाहिली. "मेढेकर, वॅगनला एवढा खेळ असता तर मी ती यार्डाबाहेर सोडली नसती." एवढं बोलून ते गेले. घरात मी, खुर्ची आणि कपाटातली गोंदाची बाटली.

मला काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या डोळ्यांसमोर एक परीक्षक बसत होता, त्याच्याखाली खुर्ची बसत होती, आणि बाजूला माझी मुलगी दाणे वेचावेत तशी बोटं हलवत उभी होती. गोंद चालणार नाही हे मला पाठ होतं. पण खाचेच्या आत, दोन थेंब, कुणाला दिसणार? शिवाय ती खुर्ची मी करत नव्हतो, फक्त दुरुस्त करत होतो. मनाची अशी समजूत घालताना माणसाची बुद्धी किती तल्लख होते! मी दोन थेंब टाकले. मग दुसऱ्या बाजूलाही दोन. मग उरलेला गोंद वाळून वाया जाईल म्हणून तोही.

सोमवारी मी पूर्ण दिवसाची रजा टाकून इरावतीला गाडीनं घेऊन निघालो. तिचा नंबर बाराला होता. मागच्या सीटवर मी ते चर पडलेलं शीट दुमडून अंथरलं आणि खुर्चीला डाग लागू नये म्हणून तिला त्यावर निजवलं. नऊला कामशेतला चहासाठी थांबलो. टपरीसमोर मोकळी जागा होती.

"एकदा उघडून बघते," इरावती म्हणाली. "वेळ मोजा बाबा."

मी घड्याळ धरलं. तिनं पाया उघडला, बैठक वर केली आणि मधला आधार ओढला. तो हलला नाही. तिनं पुन्हा ओढला. मग ती खाली वाकली आणि खाचेशी नाक नेलं.

"बाबा, गोंदाचा वास येतोय."

घड्याळात अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते. मी ते बंद केलं.

"तिथे खेळ होता," मी म्हटलं.

"उघडताना ती पट्टी खाचेतून सरकते. म्हणून ढिली ठेवली होती."

मला हे ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे विचारलं असतं तर ठाऊक झालं असतं. तिनं जोर लावून पट्टी सोडवली. पट्टी सुटली, पण येताना पुठ्ठ्याचं वरचं अस्तर सोलून घेऊन आली आणि नळ्या उघड्या पडल्या. मधला आधार गेला.

ती ओरडली नाही. डोळे भरले होते, ते तिनं बाहीनं पुसले. "तुम्हाला ती पडेल असं वाटत होतं?"

"हो."

"मग मला सांगायचं ना. तुम्ही रोज मला सगळं सांगता. नेमकं हेच नाही सांगितलं."

टपरीवाला दोन चहा घेऊन आला होता. तो माझ्याकडे बघत, ग्लास न ठेवताच मागे गेला.

गाडीत बसल्यावर तिनं फोन लावला. मी गाडी चालवत होतो, पण पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "व्हय ताई, मी लोनावळ्यातच हाय. खोकी उतरवतोय. तुमी या हिकडं. चाक हाय माज्याकडं गाडीत."

कार्ल्याचा फाटा गेला, वळवण गेलं. तेवढ्या वेळात मी चार वेळा 'सॉरी' म्हणायचं ठरवलं आणि एकदा म्हटलं. ती "हं" म्हणाली. ती मांडीवर वही ठेवून मापं काढत होती.

चिक्कीच्या दुकानामागे माल ठेवायची खोली होती. आत गुळाचा वास, आणि मध्ये एक लांब टेबल. राजमहंमदभाईंनी मालकाला सांगून ते रिकामं करून घेतलं होतं. त्यांनी सोललेला आधार हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "गोंद कुनी लावला?"

मी शेंगदाण्याच्या चिक्कीकडे बघत होतो. मग म्हटलं, "मी."

ते रागावले नाहीत. "साहेब, खेळ नसंल तर दार बी उघडत न्हाई," एवढंच म्हणाले. मग इरावतीकडे वळले, "द्या, मी रेघ मारून देतो. मला दोन मिन्टं लागतील."

"नको चाचा. मलाच करायला हवं. चाक तेवढं द्या."

त्यांनी चाक तिच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. मी बघत होतो. एवढंच करायचं होतं. आठ दिवसांत मला ते एकदाही सुचलं नव्हतं.

मागच्या सीटवरचं शीट आणून तिनं टेबलावर पसरलं. दोरीच्या दोन चरांमधली जागा मोजली; आधार त्यात जेमतेम बसत होता. "बाबा, मोजपट्टी धरा. हलू नका. बोलू नका." मी धरली. चोवीस वर्षांत मला कुणी इतक्या थोडक्यात काम समजावून सांगितलं नव्हतं. पाऊण तास मी पट्टी धरून होतो. एकदा मला शिंक आली, तीही मी आतल्या आत जिरवली. पावणेअकराला नवा आधार तयार झाला. तिनं तो बसवला, उघडला, मिटला, उघडला. पट्टी खाचेतून सर्रकन सरकली. राजमहंमदभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा टोपी घातली. ती त्यांची शाबासकी असावी.

कॉलेजात 'पालकांनी आत येऊ नये' अशी पाटी होती. पण पाटीशेजारी खिडकी होती. बाहेरून आलेले परीक्षक चांगले भरभक्कम होते. इरावतीच्या आधीच्या मुलाच्या खुर्चीवर ते बसले आणि ती हळूहळू बसली. मी ओळखीच्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं.

मग इरावती. पाच मिनिटांच्या जागी तिनं सव्वातीन मिनिटांत खुर्ची उघडली.

परीक्षक म्हणाले, "माझं वजन ब्याऐंशी आहे. अट ऐंशीची आहे. दुसऱ्या कुणाला बसवू का?"

मी खिडकीचा गज घट्ट धरला. "बसा सर," ती म्हणाली.

ते बसले. खुर्ची करकरली. मग गप्प झाली. परीक्षकांनी चहा मागवला, तिथेच बसून प्यायला आणि प्रश्न विचारत राहिले. नळ्यांची दिशा तिनं कशी ठरवली, पाठ किती कललेली आहे, का. तिनं सगळं सांगितलं. सुदुंबऱ्याच्या मुलाणी चाचांकडून काय शिकले, हेही नाव घेऊन सांगितलं. मग ते खाली वाकले.

"हा मधला भाग वेगळ्या शीटचा दिसतोय."

"हो सर. आज सकाळी बदलला. आधीच्यात गोंद लागला होता."

"कुणी लावला?"

मी खिडकीपासून बाजूला व्हायला हवं होतं. झालो नाही.

"माझ्या खुर्चीत होता, सर," इरावती म्हणाली. "म्हणजे बघायची जबाबदारी माझीच होती. आता नाहीये. तपासून बघा."

त्यांनी तपासलं. खाचेतली पट्टी मागे-पुढे सरकवली. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण ते उठायच्या बेतात दिसेनात. शेवटी शेजारच्या मॅडमनी घड्याळ दाखवलं तेव्हा ते उठले. "मी हिच्यात आणखी बसलो असतो," असं म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. शंभरात अडुसष्ट, हे आम्हाला अर्ध्या तासानं कळलं. विषय सुटला होता. इरावती मैत्रिणीच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

आता निघायचं, एवढ्यात ऑफिसात बोलावणं आलं. खिडकीतल्या क्लार्कनं एक फॉर्म पुढे सरकवला. "पालक आलेच आहेत तर सही करून टाका. नाहीतर घरी पाठवावा लागतो, आणि तो परत येईपर्यंत मार्क चढत नाहीत."

मी वाचलं. 'मी असे प्रमाणित करतो की, सदर वस्तू तयार करताना माझ्या पाल्यास घरातून कोणत्याही प्रकारची मदत झालेली नाही.' खाली सहीसाठी जागा आणि तिच्याखाली 'पालकांचा शेरा' म्हणून दोन रिकाम्या ओळी.

पेन हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. मागे रांग लागली. क्लार्क म्हणाला, "साहेब, सगळे नुसती सही करतात."

पण मला त्या दोन ओळी सोडवेनात. मी लिहिलं: 'घरातून मदत झालेली नाही. अडथळा झाला. तो दूर करून विद्यार्थिनीने खुर्ची स्वतः पूर्ण केली.' खाली पूर्ण नाव घातलं, यशोधन मेढेकर, आणि सही केली.

क्लार्कनं ते वाचलं आणि चष्मा वर केला. "असं चालत नाही हो. अडथळ्यासाठी कॉलम नाहीये."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..." त्यानं रांगेकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि शिक्का मारला.

तो फॉर्म आत घेणार, तेवढ्यात इरावती म्हणाली, "एक मिनिट, सर." तिनं फॉर्म हातात घेऊन शेरा दोनदा वाचला. मग मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला, सहीसकट.

"हे कशाला?" मी विचारलं.

"छापून लावणारे. माझ्या खोलीच्या दारावर." फॉर्म परत देताना ती म्हणाली, "बाहेरच्या बाजूनं."